दोन तांबडे

काटा नव्वदवर येतो. बटण दाबते.
पाय काढते,
आणि गाडी हळूच मागे पडू लागते,
बोलता बोलता डुलकी लागलेल्या माणसासारखी.

ओरेस्टची ग्रँड मार्क्विस, साल एकोणनव्वद.
किंडर्सलीहून सॅस्कटून, दर दुसऱ्या गुरुवारी,
नादियाकडे. दोनशे किलोमीटर जाताना,
येताना जरा जास्तच वाटतात.
रस्ता सरळ, इतका की वळण आलं
तर माणूस त्याची आठवण ठेवतो.
माझा उजवा गुडघा नवा, धातूचा.
वाकतो चांगला,
पण एका जागी धरून राहायचं म्हटलं की कुरकुरतो.

लॉयड बॉनेट न उघडताच म्हणाला, सर्व्हो गेला असेल.
लॉयडच्या गॅरेजात सगळंच गेलेलं असतं,
येतं ते फक्त बिल.

म्हणून एप्रिलच्या थंडीत मीच बसले शेडमध्ये,
ओरेस्टचं मॅन्युअल मांडीवर.
त्याच्या तेलकट बोटांनी
नेमकी लागणारी पानं पारदर्शक झालेली,
या बाजूचं वाचताना मागचंही दिसतं.

आधी फ्यूज. शाबूत.
मग व्हॅक्यूमची नळी: एक टोक बोटानं बंद केलं,
दुसऱ्याला तोंड लावून हवा ओढली.
जीभ चिकटली, चिकटूनच राहिली.
रबर म्हातारं, पण इमानी.
मग ब्रेकचा स्विच.
डोकं पेडलखाली, पाठ फ्लोअरमॅटवर,
पाय दाराबाहेर वितळत्या बर्फाच्या चिखलात.
शेजारची आयोना धावत आली,
"व्हर्ना! पडलीस की काय?"
"नाही गं. वाचतेय."

स्विचही ठीक.

मॅन्युअलात तळाला बारीक अक्षरांत होतं:
वेग आपल्या हातात घेण्याआधी
गाडी मागच्या ब्रेकच्या दिव्यांतून
थेंबभर वीज सोडून बघते.
थेंब बल्बच्या तारेतून झिरपत जमिनीला पोचला
तर तिला कळतं, थांबायची सोय आहे.
नाही पोचला
तर चालायचा शब्द ती देत नाही.

पण दिवे तर लागत होते, लखलखीत.
कॉर्डेलनं बसवलेले.
ओरेस्टला पुरून आलो त्या आठवड्यात,
ऑक्टोबरात, अंगात सुटाचं जाकीट तसंच,
डिकीत वाकून म्हणाला होता,
"एलईडी आहेत मावशी. जन्मात बदलायला नकोत."
नादियाचा पोरगा तो.
त्याला रडता येत नाही. दिवे बदलता येतात.

मी बोटांवर महिने मोजले.
तेव्हापासूनच.
फार काटकसरी ते दिवे,
एवढासा थेंबही पलीकडे जाऊ देत नव्हते.

तंबाखूच्या डब्यात वॉशर, एक वाकडी किल्ली,
कुठल्याशा कोटाचं बटण,
आणि तळाशी जुना बल्ब.
कानाशी धरून हलवला. तार खुळखुळली नाही.
बसवला डावीकडे.
उजवीकडे कॉर्डेलचा राहू दिला,
एक पुरतो, असं दोन पानांच्या आरपार दिसत होतं.

मग हायवे. नव्वद. बटण.
पेडल माझ्या बुटाखालून
आपणहून खाली सरकलं.
इतक्या महिन्यांनी दुसऱ्या कुणाचा तरी पाय गाडीत.
मी चटकन बाजूच्या सीटकडे पाहिलं,
आणि मग पाहिल्याची लाज वाटली.

पुढच्या गुरुवारी कॉर्डेल मागून आला, त्याच्या ट्रकनं.
हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये काचेवर टकटक.
"मावशी, तुझे दोन तांबडे वेगळे दिसतात.
एक झटकन लागतो.
दुसरा पिवळट, जरा विचार करून.
बदलून देऊ?"
"हात लावशील तर याद राख."

त्यानं का म्हणून विचारलं नाही.
थोडा वेळ वाऱ्यात उभा राहिला, टोपी हातात,
मग दार उघडून आत येऊन बसला.
"वर जाऊया दहा मिनिटांनी," म्हणाला.
मी हीटर लावला.